भूगोलाच्या बाई ब्राझील बघून आल्या. त्यांनी वर्गात ते सांगत बसावं की धडा पुढे न्यावा?

कळव्याचा बाबा
मुलगा दहावीला आहे, ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत. ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी सांगतो: २०१८ पासून आपल्या बोर्डाचा दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील. हवामान, नद्या, लोकसंख्या, वस्त्या, पर्यटन, सगळं दोन देशांचं शेजारी शेजारी मांडलंय. बाई इतकी वर्षं तो ब्राझील पुस्तकातूनच शिकवत होत्या. त्यांची बहीण साओ पावलोला असते. यंदा दिवाळीच्या सुट्टीला आठ दिवसांची अर्धवेतनी रजा जोडून, स्वतःच्या पैशाने जाऊन आल्या.

आल्यापासून तासाला काहीतरी निघतंच. आमच्याकडे आता रोज रात्री जेवताना ब्राझील. परवा पोराने विचारलं, "बाबा, बटाट्याला पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. म्हणाला, "बटाटा!" काजूला काजू. चावीला जवळजवळ चावीच, फक्त 'शावी' असं ऐकू येतं. पगार हा शब्दही त्यांच्याकडूनच आलाय, आणि काजूचं झाड तर ब्राझीलमधूनच पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणलं. मी पस्तीस वर्षं पगार घेतोय, मला आत्ता कळलं.

दुसरं, पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. ब्राझीलहून भारतात परतताना तिचा दाखला दाखवावा लागतो आणि ती निदान दहा दिवस आधी टोचलेली हवी. एवढी कडक अट का, हे बाईंनी पोरांनाच शोधायला लावलं. उत्तर असं की हा रोग पसरवणारा डास आपल्याकडे मुबलक आहे, डेंग्यूचाच तो. विषाणू तेवढा अजून आलेला नाही. तो एका प्रवाशाच्या रक्तातून आला तर काय होईल, हे कळव्यातल्या पोराला वेगळं समजवावं लागत नाही. आमच्या चाळीत पावसाळ्यात घराआड एक डेंग्यूचा.

तर गेल्या पालकसभेत यावरून वाजलं. एक गृहस्थ म्हणाले, आम्ही सहलीची वर्णनं ऐकायला मुलं पाठवत नाही, फेब्रुवारीत बोर्ड आहे. निम्म्या पालकांनी माना डोलावल्या. मुख्याध्यापक "बघू" म्हणाले. तुम्हाला काय वाटतं?

गणिताचा मास्तर, ऐरोली
मीच तो माना डोलावणारा, फक्त दुसऱ्या शाळेतला. दादा, बटाटा-काजू पेपरात येत नाही. भूगोल चाळीस गुणांचा, आठवड्याला तास मोजके, दिवाळीनंतर शिल्लक राहतात किती? त्यात बाई आठ दिवस नव्हत्या. त्यांचे तास कोणीतरी दुसऱ्याने स्वतःच्या ऑफ पीरियडला घेतलेच ना? त्याच्या उत्तरपत्रिका तपासायच्या राहिल्या असतील. हे हिशेबात कोण धरतं?

मला बाईंचा मत्सर नाही. जरूर जावं. पण स्वतःचा प्रवास आणि वर्गाचा तास यांत एक रेघ असते.

दिव्याची आई
माझी मुलगी त्याच वर्गात आहे, म्हणून लिहिते. बाई चांगल्या आहेत, प्रश्न त्यांचा नाही. मुलगी घरी येऊन सांगते, तिकडे मेट्रो अशी, तिकडे समुद्र असा. सकाळी दिवा स्टेशनात लोकलमध्ये शिरताना दप्तर पुढे घ्यायचं की मागे, एवढाच आमचा प्रवास. मी तिला काय सांगू? तुझा ब्राझील पुस्तकात आणि बाईंचा खरा? मुलांना दाखवावं ते पोचण्यासारखं असावं, असं मला वाटतं. नाहीतर नुसती हुरहूर लागते.

कळव्याचा बाबा
ताई, तुमचं बोलणं लागलं. पण त्याच वर्गातला एक प्रसंग सांगतो, मुलीला विचारून खात्री करा.

बाईंनी साओ पावलोचा एक फोटो दाखवला. एका बाजूला उंच इमारती, गॅलरी-गॅलरीत पोहण्याचे तलाव. मधे एक भिंत. भिंतीपलीकडे विटांची घरं एकावर एक चढलेली, गच्चीवर निळ्या टाक्या. वस्तीचं नाव पाराइसोपोलिस, म्हणजे अक्षरशः स्वर्गनगरी. मागच्या बाकावर पारसिक डोंगराच्या उतारावर राहणारा एक मुलगा बसतो, वर्षभरात तोंड उघडलं नसेल. तो म्हणाला, "बाई, हे तर आमच्या मागचंच आहे." मग तोच बोलत राहिला. पाणी वर कसं चढवतात, दरड कुठे येते, वीजमीटर कोणाच्या नावावर असतो. मानवी वस्तीचा धडा त्या दिवशी त्याने शिकवला, बाई फळ्यावर मुद्दे लिहीत होत्या.

यात हुरहूर कुठे आली? उलट मेट्रो-समुद्राच्या पलीकडचं बाईंनी स्वतः चालत जाऊन पाहिलं होतं, म्हणून तो फोटो त्यांच्याकडे होता.

नौपाड्याचे निवृत्त हेडमास्तर
दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. सरकारी खर्चाने गेलेल्या शिक्षकाला जाब विचारता येतो, विचारलाच पाहिजे. पंजाबने २०२३ मध्ये पहिल्या तुकडीत ३६ मुख्याध्यापक सिंगापूरला पाठवले. दिल्लीत त्याच वर्षी प्राथमिक शिक्षकांना फिनलंडला पाठवण्यावरून सरकार आणि नायब राज्यपाल यांच्यात जुंपली होती. तिथे 'परत येऊन काय केलंत' हा प्रश्न रास्त. इथे बाईंचे स्वतःचे पैसे, रीतसर रजा. मास्तर, हिशेब मागायचा आपला अधिकार संपला.

पण एक धोका मी डोळ्यांनी पाहिलाय. आमच्याकडे एक इंग्रजीचे सर लंडनला जाऊन आले. पहिला महिना वर्ग तल्लीन. दुसऱ्या वर्षीही "लंडनमध्ये असं नसतं हं" चालूच! डबा सांडला तरी लंडन, रांग मोडली तरी लंडन. पोरांनी त्यांचं नाव 'टेम्स' ठेवलं. निवृत्त होईपर्यंत ते नाव सुटलं नाही. बाईंना एवढंच सांगा, जिथे धडा मागेल तिथेच ब्राझील.

खाडीकाठी
सगळे ब्राझीलवर बोलताय, पण त्याच पुस्तकाचा पहिला धडा कोणता? 'क्षेत्रभेट'! किती शाळा मुलांना क्षेत्रभेटीला नेतात? ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. हिवाळा आला की रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) थवे उतरतात. ऐरोलीहून वनखात्याच्या बोटी सुटतात. ठाण्यातल्या किती दहावीच्या मुलांनी ते जवळून पाहिलंय? खाडीपुलावरून लोकलच्या खिडकीतून दिसतं तेवढंच.

आणि परदेश दाखवायला परदेशी जावं लागतंच असं नाही. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आणि पडद्यावरून इतर देशांतल्या वर्गांशी घडवलेल्या भेटी, हे काम त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून केलं. बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली ते वेगळंच. बाईंचं कौतुक आहे, पण तिकिटाच्या पैशात पन्नास पोरांची दहा वर्षांची खाडी झाली असती.

कळव्याचा बाबा
तिकीट त्यांच्या पैशाचं होतं हो. त्यांनी त्यात दागिने केले असते तर कोणी खाडी काढली नसती.

माजी विद्यार्थिनी, घोडबंदर रोड
मी याच पुस्तकाच्या सुरुवातीच्या बॅचची. आमच्या सरांनी 'अजस्र कडा' हा शब्द दोनदा अधोरेखित करून घेतला. ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या या अजस्र कड्यामुळे किनाऱ्याकडे पाऊस अडतो, पलीकडे पर्जन्यछाया. घोकलं, लिहिलं, चाळीसपैकी अडतीस मिळाले. तो कडा म्हणजे नक्की काय, हे मला बारावीनंतर माळशेजला गेल्यावर समजलं. धुकं वर चढत होतं आणि घाट ओलांडल्यावर रस्ता कोरडा. तेव्हा डोक्यात लख्ख झालं, अरे, हे आपण लिहिलं होतं की!

या बाई साओ पावलोहून सान्तोस बंदराला उतरल्या असतील तर सातशे-आठशे मीटरचा तोच कडा उतरल्या. "मुलांनो, खंडाळ्याचा घाट आठवा" एवढं वाक्य त्या म्हणाल्या तरी माझी तीन वर्षं वाचली असती.

गणिताचा मास्तर, ऐरोली
अडतीस मिळाले ना? मग तक्रार काय आहे?

माजी विद्यार्थिनी, घोडबंदर रोड
सर, हीच तक्रार आहे. न समजता अडतीस मिळाले.

नौपाड्याचे निवृत्त हेडमास्तर
खाडीवाल्यांसाठी एक सुचवतो, फुकटात होण्यासारखं. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे तो पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी काबीज केला. ब्राझील १८२२ पर्यंत त्याच पोर्तुगालच्या ताब्यात. बटाट्याचा शब्द कोणत्या वाटेने आला ते पोरांना तटाबाहेरच्या रस्त्यावरून दाखवता येईल. आत जायची गरज नाही, जाऊही नये!

खाडीकाठी
हे आवडलं. मात्र खाडीचा मुद्दा मी सोडलेला नाही.

कळव्याचा बाबा
ताजी बातमी. मुख्याध्यापकांनी तोडगा काढला. तासाला फक्त पुस्तक. ब्राझीलचं जे सांगायचं ते शनिवारी शाळा सुटल्यावर, पाऊण तास, ज्याला हवं त्याने थांबावं.

गणिताचा मास्तर, ऐरोली
उत्तम. हेच तर म्हणत होतो.

दिव्याची आई
अहो, शनिवारी शाळा सुटल्यावर ठरलेली गाडी चुकली की मुलगी घरी पोचेपर्यंत दीड वाजतो. धाकटा एकटा असतो, मी कामावर. ती थांबू शकणार नाही. पारसिकवरचा तो मुलगाही थांबणार नाही, तो शनिवारी मामाच्या गॅरेजला असतो, मुलीनेच सांगितलं. मग थांबणार कोण? ज्यांना आणायला स्कूटर येते ते.

मी आधी काय लिहिलं ते माहीत आहे मला. तरी सोमवारी मुख्याध्यापकांना भेटायला जातेय. सांगायचंच असेल तर तासालाच सांगा म्हणावं. कळव्याचे दादा, तुम्ही येताय का सोबत?

कळव्याचा बाबा
येतो. साडेदहाला गेटवर.