आय-१६ नं मेसरश्मिट पाडता येते का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
भाऊ, आयएल-२ ग्रेट बॅटल्स या विमान-लढाईच्या कॉम्प्युटर गेममध्ये आय-१६ हे सोव्हिएत लढाऊ विमान घेतलं की सर्व्हरवरचे म्हणतात, "काऊन मरायले निघाला?" मले तर हेच विमान आवडते. पण जर्मन मेसरश्मिट, म्हणजे बीएफ-१०९, उंचावरून झेपावते, गोळ्या झाडते अन् पुन्हा वर निघून जाते. काय करावं?

उत्तर (वायुसेना नगरजवळून)
त्याच्या मागं वर चढू नको ना बाप्पा! वेगात अन् चढाईत १०९ वरचढच राहणार. आय-१६ पहिल्यांदा उडालं १९३३ मध्ये. आपलं बळ वळणात आहे. तो मागून येताना लवकर वळलास तर तोही नेम बदलतो. मान मागं ठेव, त्याचे पंख मोठे दिसू लागेपर्यंत दम धर, मग कचकन आत वळ. त्या वेगात त्याले एवढं घट्ट वळता येत नाही, तो पुढं निघून जाते. तेव्हाच नाक फिरवून छोटी फैर झाड. आय-१६ च्या शकास मशीनगनच्या गोळ्या बारीक, म्हणून अगदी जवळूनच मार. इंजिन नाहीतर रेडिएटर धर.

स्टिक मात्र हिसकू नको. हे विमान फार चंचल, एक पंख अचानक खाली झुकला की विमानाची गरगर सुरू. गेमच्या सेटिंगमधला पिचचा कर्व्ह (स्टिक हलवली की नाक किती झटक्यात वर-खाली होते ते) मवाळ कर.

उत्तर (सक्करदरा)
टेकऑफनंतर लगेच भिडू नका. खऱ्या विमानात वैमानिक हँडल फिरवून चाकं आत घ्यायचा, वेळ लागतेच.

प्रश्नकर्ता
कर्व्ह आताच बदलला. आज रात्री कोणी सोबत येते का? एक जण आमिष, एक जण वर.