शब्दचर्चा : ऊलाँग, ऊलुंग की वूलोंग? आणि 'अर्धा आंबवलेला' म्हणजे काय?

कपबशी :
भाच्याने चीनहून येताना चहाची पुडी आणली. उघडली तर आपल्यासारखी पत्ती नाहीच. काळपट हिरव्या गोळ्या, मिऱ्याहून जरा मोठ्या. आत्याने सवयीने आधण ठेवलं, आलं किसलं, साखर-दूध सगळं घातलं आणि घोट घेऊन म्हणाली, "पाणचट आहे गं." गाळणीत चोथा नव्हताच. अख्खी पानं उलगडून पडली होती, देठासकट!
शोधलं तर हा 'ऊलाँग'. एका ठिकाणी 'काळा ड्रॅगन चहा' असं भाषांतर, दुसरीकडे 'अर्धा आंबवलेला चहा'. लिहायचं कसं? आणि इडलीच्या पिठासारखा चहा आंबवतात का?

आडकित्ता :
'ऊलाँग' हे इंग्रजी स्पेलिंगवरून आलं. चिनी उच्चार 'वूलुंग'च्या जवळचा. रोमन लिपीतल्या 'ओ'मुळे आपण 'लोंग' किंवा 'लाँग' करतो. 'वू' म्हणजे कावळा, त्यावरून काळा, आणि 'लुंग' म्हणजे ड्रॅगन. अर्थ बरोबर आहे, पण 'काळा ड्रॅगन चहा' असं भाषांतर मला पटत नाही. वाचणाऱ्याला वाटणार, हा काळ्या चहाचाच प्रकार. मुळात रंगांचा हिशोबच तिथे वेगळा. आपण ज्याला कोरा किंवा काळा चहा म्हणतो, त्याला चिनी माणूस 'हुंगछा' म्हणजे तांबडा चहा म्हणतो. तो कपातला रंग बघतो. 'काळा' हे नाव त्याने पुअरसारख्या मुरवलेल्या चहांसाठी राखून ठेवलंय.
जाता जाता : चिनी फुटबॉलमध्ये 'वूलुंग' म्हणजे स्वयंगोल. इंग्रजी 'ओन गोल'चा उच्चार कँटनीज कानांना तसा ऐकू आला म्हणे. पुढे कुठल्याही फजितीला 'वूलुंग' म्हणायला लागले. आत्याबाईंच्या दुधाला तो शब्द चालावा.

रानवारा :
नोकरीनिमित्त दोन वर्षं चीनच्या फुजियान प्रांतातल्या शियामेन बंदरात काढली, म्हणून लिहितो. तिथल्या बोलीत चहाला 'ते' म्हणतात. तोच शब्द डचांच्या जहाजांतून युरोपात गेला आणि इंग्रजांचा 'टी' झाला. आपला 'चहा', खेड्यातला 'च्या', हे मात्र प्रमाण चिनीतल्या 'छा'चे (चहा) भाऊबंद.

'आंबवलेला' हा शब्द कृपा करून टाका. चिनीतही 'किण्वन' (आंबवणं) असाच शब्द रूढ आहे, तिथूनच घोळ झालाय. इडलीच्या पिठात जंतू काम करतात, ऊलाँगमध्ये ते नसतात. सफरचंद कापून ठेवलं की लाल पडतं ना, तसलाच प्रकार : पानातल्याच विकरामुळे (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी क्रिया. हिरव्या चहात पान लगेच तापवून ती थांबवतात, तांबड्यात पूर्ण होऊ देतात. ऊलाँग या दोन टोकांच्या मध्ये कुठेही असू शकतो, अगदी 10 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत. म्हणून एक ऊलाँग फुलासारखा लागतो, दुसरा भाजक्या दाण्यांसारखा खमंग.

हे करतात कसं? पानं सुकत टाकतात, मग बांबूच्या सुपासारख्या मोठ्या थाळ्यांत पाखडल्यासारखी हलवतात, ठेवतात, पुन्हा हलवतात. रात्रभर. आपटून-घासून पानांच्या कडा तेवढ्या दुखावतात आणि लाल पडतात, मधला भाग हिरवा राहतो. मग कढईत तापवून क्रिया थांबवायची, वळायचं, वाळवायचं, वर निखाऱ्यांवर भाजायचं. चिनी लोक या पानाचं वर्णन 'हिरवं पान, लाल किनार' असं करतात. मराठीत मी म्हणेन, हिरव्या लुगड्याला लाल काठ. कपबशी, गाळणीतलं एखादं पान बशीत पसरून उजेडात धरा, काठ दिसेल.

नावाची दंतकथाही याच्याशी जुळते. फुजियानमधल्याच आन्शी भागातला एक सावळा शेतकरी, टोपणनाव 'वूलुंग', पानं खुडून येताना हरणामागे धावला. टोपलीतली पानं हिंदकळली, रात्री तशीच राहिली, सकाळी सुगंध सुटला. खरंखोटं सोडा, 'हिंदकळणं' हा मुद्दा कथेने बरोबर पकडलाय.

आडकित्ता :
वाणांच्या नावांचं काय? तीही जशीच्या तशी ठेवायची?

रानवारा :
नावं तशीच ठेवा, पण अर्थ सांगा, कारण काही अर्थ आपल्याच घरचे आहेत. आन्शीचा सर्वांत प्रसिद्ध 'थिएग्वानयिन' घ्या. 'थिए' म्हणजे लोखंड. ग्वानयिन म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या 1 क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी तोच. चीनमध्ये जाऊन ती देवी झाली. इंग्रजी वेष्टनावरचं 'करुणेची लोह-देवता' वाचून मराठी माणूस गोंधळतो, 'लोखंडी अवलोकितेश्वर' म्हटलं की निदान ओळख लागते. तुमच्या गोळ्या बहुधा याच.

फुजियानच्याच वूयी डोंगरातले 'खडकचहा' वेगळे : लांब, पिळदार, काळपट. त्यातला 'थिएलुओहान' म्हणजे लोखंडी अर्हत. 'लुओहान' हे 'अर्हत'चंच रूप! बाकीचे पांढरा तुरा, सोनेरी जलकासव वगैरे. मान 'दा हुंग पाओ'चा, म्हणजे मोठा लाल झगा. त्याची सहा मूळ झाडं कड्याच्या कपारीत आहेत आणि 2006 पासून त्यांची खुडणी बंद आहे. दुकानात मिळतो तो कलमांचा किंवा मिश्रणाचा.

शेजारच्या ग्वांगदोंग प्रांतात छाओचौ शहराजवळच्या फंगह्वांग डोंगरावर 'दानत्सुंग', शब्दशः 'एकटं झुडूप'. इथे वासावरून नावं : मध-ऑर्किड, दालचिनी... आणि एकाचं 'याशीश्यांग', म्हणजे बदकाच्या विष्ठेचा सुगंध. प्रत्यक्षात वास फुलांचा. सांगतात की मालकाने झाड चोरीला जाऊ नये म्हणून असं नाव ठेवलं. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून पोराचं नाव धोंडू, दगडू, केरबा ठेवायचे, तशातलंच. 2014 मध्ये त्याला 'रुपेरी फुलाचा सुगंध' असं सोज्वळ नाव दिलं, पण गिऱ्हाईक अजून जुन्याच नावाने मागतं.

कपबशी :
केरबा चहा! आता क्रियापद सांगा. आपण चहा 'टाकतो', 'ठेवतो', 'उकळतो'. याचं काय करायचं?

रानवारा :
उकळायचा नाहीच. छाओचौ पद्धतीत झाकणाच्या छोट्या पेल्यात साधारण 7 ग्रॅम पान, 100 मिली कडकडीत पाणी, पहिलं पाणी फेकून द्यायचं, पुढची प्रत्येक खेप काही सेकंदांची. सहा-सात खेपा सहज निघतात. 'मुरवणे' लोणच्याला ठीक, इतक्या झटपट कामाला नाही. मी 'पाणी दाखवणे' म्हणतो.
एक शब्द मात्र मराठीत सापडत नाहीये. गिळल्यावर घशाशी गोडवा परत येतो, त्याला ते 'ह्वेइगान' म्हणतात. अनुभव आपल्याला पाठ आहे : आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की येतो तोच. पण त्याला नाव?

आडकित्ता :
आजी 'मागची गोडी' म्हणायची, आवळ्याबद्दलच. चालेल?

कपबशी :
लाल काठ दिसला! आत्याला 'पाणी दाखवून' दिला. म्हणाली, मागची गोडी आहे खरी, पण यात बिस्कीट बुडवायचं कसं?