पद्मिनी घ्यावी, मारुती 800 घ्यावी, की हा नादच सोडावा?

लातूर_रोड: जुनी गाडी घ्यायची हौस आहे. बजेट लाख-दीड लाख. रोजच्या कामाला घरी दुसरी गाडी आहे, ही फक्त रविवारपुरती. उदगीरकडं एक प्रीमियर पद्मिनी शेडमध्ये उभी आहे. मालक म्हणतो, ‘इंजिन ओके, फक्त बॅटरी टाका.’ दुसरी नव्वदच्या दशकातली मारुती 800. चालू आहे, पण पत्रा थोडा खाल्लाय. मन पद्मिनीवर आहे. स्टिअरिंगजवळचा गिअर, पुढं सलग सीट, आत बसलं की उठावंसं वाटत नाही. काय करू?

मोंढा_नाका: ‘फक्त बॅटरी टाका’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. उभ्या गाडीची टाकी आतून गंजते, कार्बोरेटर चिकटतो, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात. ते सगळं सुधारतं म्हणा. कागद सुधारत नाहीत. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी पासिंग. त्याची फी 2022 ला 600 वरून 5000 झाली आणि 2025 पासून 20 वर्षांपुढच्या गाडीला 10,000. पद्मिनी बंद होऊनच पंचवीसेक वर्षं झाली, म्हणजे एकही सुटत नाही. वर पर्यावरण कर, नवी नंबर प्लेट. आधी आरसी बघा, मग बोनेट उघडा.

जायकवाडी: हे पुण्या-मुंबईकडचे नाद आहेत भाऊ. मे महिन्यात आपल्याकडं 43 डिग्री, गाडीला एसी नाही. रविवारी फिरणार कुठं, भट्टीत? एवढ्या पैशात शेतात ठिबक होतं.

कार्बोरेटर_काका: ठिबक करणाऱ्यानं ठिबक करावं, इथं हौसेचं विचारलंय. उन्हाचं म्हणाल तर खरं आहे. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला. उन्हात आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि मांजरसुंब्याच्या घाटात गाडी आचके देत बंद पडते. बोनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं, चहा होईपर्यंत थांबायचं. निघते. आता 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळं पंपाचा पडदा आणि जुने रबरी पाईप मात्र घेतल्या घेतल्या बदला. ते टाळलं तर पेट्रोल गळेल आणि खाली तापलेलं इंजिन आहे.

आणि मुंबईची गाडी चुकूनही आणू नका. खाऱ्या हवेत पत्रा पापडासारखा होतो. आपल्या कोरड्या हवेत रबर वाळतं, पण पत्रा टिकतो. रबर मिळतं.

शेंद्रा_शिफ्ट: काका, पद्मिनीची आठवण मुंबईच्या टॅक्सीची. आपल्याकडं ती होती कुणाकडं? डॉक्टर, वकील, नाहीतर मोंढ्यातला एखादा आडत्या. पुढारी ॲम्बेसेडरमध्ये आणि बाकीची जनता जीपच्या मागं लटकलेली. घरची म्हणावी अशी पहिली चारचाकी बहुतेकांच्या दारात 800 च आली. 1983 ते 2014, 796 सीसी, तीन सिलिंडर. सामान आजही तालुक्याला मिळतं. पद्मिनीचे सीबी पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे इंजिनातले जुने संपर्क) सेट करणारा मिस्त्री शोधायला तुम्हाला जिल्हा पालथा घालावा लागेल. बजेट वाढलं तर 2001 पासून आपल्या शेंद्र्यात, संभाजीनगरच्या एमआयडीसीत जोडलेली स्कोडाची ऑक्टाव्हिया बघा. ती तर गावचीच गाडी.

कार्बोरेटर_काका: जुन्या ऑक्टाव्हियाचं सामान एकदा घेऊन बघा, मग गावची म्हणा. 800 चांगलीच आहे, पण पत्रा खाल्लेली 800 चांगली नाही. आधीच पातळ पत्रा. मॅट उचला, फ्लोअरवर स्क्रूड्रायव्हर टोचा. आरपार गेला तर तिथंच रामराम.

जायकवाडी: मग व्हिंटेजमध्ये नोंदणी करून मोकळे व्हा ना!

मोंढा_नाका: त्याला 50 वर्षं पूर्ण लागतात, नवी नोंदणी 20,000, आणि रोजची ने-आण करता येत नाही. पद्मिनी हे नावच 1974 चं. ऐंशीच्या दशकातली असेल तर विषयच नाही.

लातूर_रोड: आरसी बघितली. 1986 ची आहे. नाव मालकाच्या वडिलांचं, ते वारलेत. वारस तीन, एक हैदराबादला. 800 च्या फ्लोअरला ड्रायव्हरच्या पायाखाली भोक आहे, वर पत्रा मारून रंग दिलाय.

शेंद्रा_शिफ्ट: मग दुसरी 800 बघा. ढीगभर आहेत.

मोंढा_नाका: दोन्ही सोडा. हैदराबादवाला सही करायला येणार नाही.

कार्बोरेटर_काका: येईल, नाहीतर आपण जाऊ. पण तिघांच्या सह्या होईपर्यंत इसार म्हणून एक रुपयाही देऊ नका. आणि पासिंग कधी संपलं ते अजून सांगितलंच नाही तुम्ही.