किराण्याचे पैसे निम्म्यावर आलेत, ताटातलं काय कमी करायचं नाही?

बी-३०४: नमस्कार सगळ्यांना. सोसायटीच्या ग्रुपवर असलं विचारावं की नाही यात दोन दिवस गेले, आता विचारतेच. आमच्याकडे सध्या एकाच पगारावर घर चाललंय, हप्ता आणि शाळेची फी गेली की किराण्याला जे उरतं ते आधीच्या निम्म्याहून कमी आहे. आम्ही दोघं आणि दोन मुलं, थोरली १३ आणि धाकटा ९. गेल्या महिन्यात मी अंडी बंद केली, दूध कमी केलं, डाळ पातळ केली आणि भात वाढवला. पोटं भरतात सगळ्यांची पण थोरली शाळेतून आली की गळून पडते. माझं कुठे चुकतंय?

सी-५०२: वहिनी विचारलंत ते फार बरं केलंत, यात संकोच कसला. आम्ही वर्षभराचं एकदम भरतो, किलोमागे बराच फरक पडतो, तुम्हीही तसं करून बघा.

ए-१०२: दादा, एकदम भरायला एकदम पैसे लागतात हो, आणि नेमके तेच नसतात. आम्ही या सगळ्यातून गेलोय, दीड वर्ष. मी तेव्हा ऐकून मोठी गोणी आणली होती, दोन महिन्यांनी त्यात किडे झाले आणि निम्मं धान्य टाकावं लागलं, स्वस्त म्हणून आणलेलं सगळ्यात महाग पडलं. महिन्याभरात संपेल तेवढंच घ्यावं, फार तर एखादी डाळ थोडी जास्त, ती पण कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात.

ए-१०२: आणि बी-३०४ ताई, तुझा मेसेज वाचून पोटात कालवलं कारण मी अगदी हेच केलं होतं आणि याच क्रमाने. पैसे कमी झाले की हात आपोआप डाळ, अंडी, दूध, भाजीवर जातो कारण बिलात तेच मोठे आकडे दिसतात. भात आणि पीठ वाढवून पोट भरतं खरं पण मुलं गळतात. कापायचंच तर आधी पाकिटातलं कापायचं, बिस्किटं, वेफर्स, थंड पेयं, तयार सॉस, आणि मुलांच्या दुधात घालायची ती चॉकलेटची पावडर. डाळ सगळ्यात शेवटी.

सी-५०२: पण ती पावडर मुलांच्या वाढीसाठीच असते ना? आमच्याकडे तर रोज लागते.

ए-१०२: दादा डब्याच्या मागे घटकांची यादी असते, त्यात जे वजनाने जास्त ते आधी लिहितात. तुमच्या डब्यावर साखर कितव्या नंबरला आहे ते बघा. आमच्या डब्यावर दुसरी होती. त्या डब्याच्या पैशात महिन्याला किती अंडी येतात तो हिशोब मी त्याच दिवशी केला आणि डबा परत घरात आला नाही.

बी-३०४: पण ताई अंडी खरंच परवडत नाहीत असं वाटतं म्हणूनच बंद केली.

ए-१०२: वाटतं. वही घे आणि भाग. बहुतेक पाकिटांवर १०० ग्रॅममध्ये प्रोटीन किती ते लिहिलेलं असतं. डाळीत साधारण २४ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या पाकिटात १२० ग्रॅम प्रोटीन. एका अंड्यात ६ च्या आसपास, म्हणजे डझनात ७० ते ७५. शेंगदाण्यात २५, छोल्यांत २० च्या आसपास, सोयाबीनच्या वड्यांत तर ५० च्या पुढे. दुधात १०० मिलीला तीन-साडेतीन. बिस्किटांत ६-७. आता तुझ्या दुकानातली किंमत त्या आकड्याने भाग, एक ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं ते समोर येतं. एकच काळजी घे, कोरड्याची तुलना कोरड्याशीच करायची, कारण शिजलेल्या डाळीत १०० ग्रॅमला ९ च राहतं, बाकी सगळं पाणी. आमच्याकडे या हिशोबात डाळ, शेंगदाणे, वड्या सगळ्यात वर आल्या आणि अंडी मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप स्वस्त निघाली. तुझ्याकडे क्रम वेगळा येईल, म्हणून आयता सांगत नाही, तूच काढ.

डी-४०१: मोठ्या माणसाला दिवसाला किती लागतं गं? नुसते आकडे बघून कळत नाही.

ए-१०२: काकू, वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम असं जागतिक आरोग्य संघटना धरते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. त्यातलं बरंचसं धान्यातूनही येतं, तांदळातही १०० ग्रॅमला ७ असतं. पण धान्याच्या प्रोटीनमध्ये जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत कमी असतं ते धान्यात, म्हणून दोन्ही खायची. एकाच घासात हवं असं काही नाही, दिवसभरात झालं तरी चालतं.

ई-१०५: दुपारी २ ते ४ टाकी धुवायचं काम आहे, पाणी बंद राहील, सर्वांनी भरून ठेवावे.

बी-३०४: 🙏 ताई एक विचारू, ग्रुपवर विचारायला नको खरं तर. मी रात्री बरेचदा जेवत नाही. मुलांना आणि ह्यांना वाढून जे उरेल ते. ते पण तब्येतीला बरंच म्हणतात ना, रात्री हलकं.

ए-१०२: नाही. हे बरं नाही आणि हलकंही नाही. मी सहा महिने असंच केलं, कोणाला सांगितलं नाही, कौतुकच वाटायचं स्वतःचं. मग एके दिवशी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर डोळ्यापुढे अंधारी आली, हातात भाजीची पिशवी, कठडा धरून तशीच खाली बसले. तपासलं तर हिमोग्लोबिन ८. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, घरात शेवटी कोण जेवतं. मला उत्तर देता येईना. तेव्हापासून आमच्याकडे भांड्यातून आधी चारही ताटं वाढली जातात, माझंही, मग सगळे बसतात. उरेल ते माझं, असं परत नाही. ताई तू आजपासून कर हे, बाकी हिशोब नंतर.

डी-४०१: अगदी खरं. आमच्या वेळी तर बोलायचीही सोय नव्हती.

बी-३०४: डोळे भरून आले वाचताना. आज करते. थोरलीचंही रक्त तपासू का?

ए-१०२: तपास. या वयात पाळी सुरू होते, लोह जास्त लागतं, आणि ती गळते म्हणतेस. गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच. घरात एवढं करायचं, डाळ, पालेभाजी खाताना बरोबर लिंबू, टोमॅटो, कच्चा कोबी काहीतरी आंबट किंवा ताजं हवं, सी जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतलं लोह जास्त लागू पडतं. आणि जेवणाबरोबर चहा कॉफी बंद, तास-दीड तासाने घ्या. याला एक पैसा लागत नाही पण आमच्याकडे सगळ्यात कठीण हेच गेलं, ह्यांना जेवल्या जेवल्या चहा लागायचा.

सी-२०१: मी वाचतेय सगळं. माझं बाळ ५ महिन्यांचं आहे, डब्याच्या दुधावर. डबा फार महाग पडतो, एक चमचा कमी घालून पाणी तेवढंच ठेवलं तर तो १ दिवस जास्त पुरतो. चालतं का?

ए-१०२: नको गं बाळा, हे मुळीच करू नको. पातळ दुधाने बाळाचं पोषण तर कमी होतंच पण जास्तीच्या पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं, झटके येऊ शकतात. डब्यावर जेवढं लिहिलंय तेवढंच, चमचा सपाट. वर्षाच्या आत साधं दूध मुख्य म्हणून नाही आणि मध तर अजिबात नाही. आजच बाळाच्या डॉक्टरांना मोकळेपणी सांग की डबा परवडत नाहीये, लाजू नको, त्यांना कळायलाच हवं. आणि मला पर्सनलवर मेसेज कर, मी येते तुझ्याकडे संध्याकाळी.

सी-२०१: कालच दोनदा तसं दिलंय. आता डॉक्टरांना फोन करते ताई.

डी-४०१: कर बाळा आत्ताच. मी पण येते खाली.

सी-५०२: माझं मघाचं वर्षभराचं सांगणं चुकलंच जरा, जिथे पैसेच अडलेत तिथे ते उपयोगाचं नाही. भाजीचं काय करता पण? भाजी तर रोज लागते.

ए-१०२: दादा, भाजीत पैसे आणताना कमी जातात, टाकताना जास्त जातात. मी एक आठवडा ओट्यावर एक पातेलं ठेवलं आणि जे टाकायचं ते कचऱ्यात न टाकता आधी त्यात टाकलं, रात्री वजन करून वहीत लिहिलं. पालक अर्धी जुडी, पिशवीत काळी पाणीदार झालेली. भाताचा तळ. धाकट्याने दोनदा चावून ठेवलेलं सफरचंद. आठवड्याला अडीच किलोच्या वर भरलं, मी तिथेच बसले. मग क्रम लावला, पालेभाजी आणली की पहिल्या दोन दिवसांत, कोरड्या कापडात गुंडाळून, नंतर फ्लॉवर वगैरे, आणि कोबी, गाजर, भोपळा, बटाटा आठवड्याच्या शेवटाला, ते टिकतात. बटाटा हिरवा पडला असेल तर तेवढा भाग खोल कापून टाका, फारच हिरवा असेल तर पूर्ण टाका, त्यात काटकसर नको. फ्रोझन मटार वगैरे स्वस्त मिळत असतील तर बिनधास्त घ्या, सत्त्वाने ताज्यापेक्षा कमी नसतात. दिवसाला भाजी आणि फळ मिळून माणशी ४०० ग्रॅम असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, बटाटा त्यात धरायचा नाही. आम्ही तिथे रोज पोचत नाही, खरं सांगते, पण पातेलं ठेवल्यापासून तेवढ्याच पैशात आधीपेक्षा बरंच जास्त पोटात जातं. भाज्या शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, सूपमध्ये किंवा डाळीत जाऊ दे. आणि गाजर भोपळ्याला थोडं तेल हवंच, त्याशिवाय त्यातलं ए जीवनसत्त्व नीट अंगी लागत नाही, मुलांचं तेल पूर्ण बंद करू नका.

बी-३०४: उरलेला भात मी सकाळी परततेच, तो तर वाया नाही ना.

ए-१०२: छान, फक्त रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस. भात शिजला तरी त्यातल्या एका जंतूचे बीजाणू मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं विष परत गरम करून जात नाही. परातीत पसर, तासाभरात गार कर, फ्रीजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवशी संपव. आणि राजमा करशील तर रात्रभर भिजव, ते पाणी फेकून दे, नव्या पाण्यात खळखळ उकळून पूर्ण मऊ शिजव. मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात कच्चा राजमा नको, अर्धवट शिजलेल्याने उलट्या होतात. बाकी कडधान्यं भिजवून घेतली की गॅस पण वाचतो, आणि शिजल्यावर वजन दुपटीच्या वर जातं, पाव किलोत चार माणसं जेवतात.

बी-३०४: पाणी जायच्या आत राजमा भिजत घातला. पाव किलो, आज रात्री शिजवते, चार ताटांचा. वही पण काढलीय, डाळ आणि वड्यांचा हिशोब झाला, अंड्यांचा हे आल्यावर करतो म्हणालेत. उरलेला शिजवून ठेवावा तर आमचा फ्रीझर छोटा आहे, बर्फच मावतो.

डी-४०१: आमचा अर्धा रिकामाच असतो गं, आम्ही दोघंच. डब्यावर नाव आणि तारीख लिहून आणून ठेव, मी दुपारी घरीच असते.

बी-३०४: उद्या दोन डबे आणते काकू.