तुमचा सर्वांत जास्त भरवसा कोणत्या शिकारी रायफलीवर आहे, आणि का?

लष्करकर, ग्वाल्हेर

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमच्या वडिलांच्या परवान्यावर दोन रायफली आहेत. एक ईशापूरच्या कारखान्याची ३१५ बोर (बोर म्हणजे नळीच्या भोकाचे माप), आणि दुसरी आजोबांच्या वेळेपासून घरात असलेली २७५ बोरची, म्हणजे ७ मिलिमीटर माउझर काडतुसाची, १८९८ च्या माउझर धाटणीची विलायती रायफल. वडिलांनी सत्तरी ओलांडली असल्यामुळे शस्त्र नियम २०१६ प्रमाणे त्यांना हयातीतच ही शस्त्रे वारसाच्या नावे करता येतात, आणि तसे आताच व्हावे असा त्यांचा आग्रह आहे. अडचण एवढीच की माझ्या परवान्यावर आधीपासून बारा बोरची दुनळी बंदूक आहे आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात. तेव्हा या दोहोंपैकी एकीचीच निवड मला करायची आहे.

शिकारीचा बेत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याकडे आमची शेती आहे आणि नीलगाईंचा उपद्रवही आहे, पण लेखी परवानगीवाचून तिथे बार काढण्याचा विचार घरात कोणाच्या मनातही येत नाही. रायफल रेंजवर जाईल आणि उरलेला काळ कपाटात राहील. तरीही जी वस्तू चुकीला दुसरी संधी न देणाऱ्या कामासाठी घडवलेली आहे, तिची पारख त्याच कामाच्या कसोटीवर व्हावी असे मला वाटते. नातेवाइकांचा कल माउझरकडे आहे, पण त्यामागे तिच्या नावाचा दबदबा अधिक असावा अशी मला शंका येते. वडील ३१५ च्या बाजूचे आहेत आणि कारण विचारले की नुसते हसतात. ज्यांनी या रायफली खरोखर वापरल्या आहेत त्यांनी कारणांसह लिहावे, ही विनंती.

छावणीवाला, शिंदे की छावणी

लष्करकर, माझा भरवसा माउझरवर आहे आणि तो नावापोटी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापूर्वी, जेव्हा वनखात्याच्या परमिटावर शिकारीचे ब्लॉक मिळत असत, तेव्हा मी वडिलांबरोबर शिवपुरी आणि श्योपूरच्या बाजूच्या जंगलांत जात असे. नेमाची फारशी बढाई मारता येणार नाही, पण कोणती रायफल ऐन वेळी कशी वागते हे जवळून पाहायला मिळाले.

माउझरच्या बोल्टला, म्हणजे हाताने मागेपुढे सरकवायच्या आणि नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या दांड्याला, उजव्या अंगाने एक लांब, लवचीक पोलादी पट्टी असते. काडतूस मॅगझिनमधून वर सरकले की तिची नखी त्याच्या बुडाजवळच्या खाचेत बसते आणि तिथून पुढे ते काडतूस बोल्टच्या ताब्यात असते. रायफल आडवी धरा, उलटी धरा, बोल्ट अर्ध्यावर नेऊन मागे ओढा, काडतूस हातचे जात नाही. ज्या रायफलीत बोल्ट काडतुसाला केवळ पुढे ढकलतो आणि नखी अगदी शेवटी, बोल्ट बंद होताना अडकते, तिथे गोंधळलेल्या माणसाने अर्धवट बोल्ट ओढला की पहिले काडतूस पुढे तसेच पडून राहते आणि दुसरे त्याच्या पाठीवर जाऊन अडते. जखमी रानडुक्कर झुडपात शिरलेले असताना हा प्रकार घडला, तर रायफलीचा भाव किंवा तिच्यावरचे कोरीवकाम कामास येत नाही.

दुसरे कारण सेफ्टीचे. बोल्टच्या मागच्या टोकावर जे पान असते ते डावीकडे असले की रायफल बार काढण्यास मोकळी, उजवीकडे असले की चापही बंद आणि बोल्टही बंद, आणि मधे उभे असले की चाप बंद पण बोल्ट उघडता येतो. मचाणावरून उतरण्यापूर्वी काडतुसे काढायची असतात, त्या वेळी ही मधली जागा फार मोलाची ठरते, कारण रायफल रिकामी होईपर्यंत ती एक क्षणही मोकळी नसते. हे पान अंगठा आणि तर्जनीत धरून सावकाश फिरवले तर त्याचा आवाज शेजाऱ्यालाही ऐकू येत नाही. निष्काळजीपणे फिरवले तर होणारी ‘टक्’ सावजापर्यंत जाते.

राहिला प्रश्न नावाचा. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी जिम कॉर्बेट यांना भेट दिली ती लंडनच्या रिग्बी कारखान्याची २७५ बोरचीच रायफल होती, आणि तिच्या दस्त्यावरच्या चांदीच्या पट्टीवर १९०७ हे साल आहे. लोक एवढेच सांगतात. कॉर्बेट यांच्याकडे ४५०/४०० ची दुनळी रायफलही होती, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. २७५ ची गोळी हलकी, साधारण १४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप). ती नेमक्या जागी बसली तर पुरेशी असते, आणि नेमक्या जागी बसवणे सोपे जाते कारण खांद्याला धक्का कमी बसतो. जनावर जवळ आणि जखमी असेल तर दुनळी रायफलच हवी: दोन नळ्या, दोन चाप, आणि दुसऱ्या बारासाठी हात हलवण्याचीही गरज नाही. आपल्यापुढे तो पर्याय नसल्यामुळे माझे मत माउझरला.

निवृत्त आर्मरर

छावणीवाला साहेबांनी माउझरच्या नखीविषयी जे लिहिले आहे त्यात बदल करण्यासारखे काही नाही. तरीही मी ३१५ घेईन, आणि त्याची कारणे त्यांच्या कारणांपेक्षा कमी रम्य आहेत.

ही बोर आपल्याकडे रुजली कशी, ते आधी पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने फौजेच्या बोरची शस्त्रे खाजगी हातांत जाऊ नयेत असे ठरवले, कारण त्या बोरची काडतुसे बंडखोरांच्या उपयोगी पडली असती. ४५० बोर बंद झाली तेव्हा विलायती कारखान्यांनी ४६५ आणि ४७० सारख्या नव्या बोर काढल्या; ३०३ बंद होती म्हणून तिच्याच ली-एनफिल्ड यंत्रावर ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसाची नळी बसवली गेली, आणि तीच आपली ३१५. म्हणजे ज्या यंत्राने दोन महायुद्धांचा चिखल आणि वाळू पाहिली, तेच यंत्र तुमच्या वडिलांच्या कपाटात आहे. गोळी २४४ ग्रेनची, वेग सेकंदाला सुमारे दोन हजार फूट. आजच्या हिशेबाने मंद, पण जड आणि मध्यम अंतरावर कामाची.

या यंत्रात बोल्टला जागी अडकवून धरणाऱ्या कड्या बोल्टच्या मागच्या अंगाला असतात, म्हणून पुस्तकी लोक त्याला कमी मजबूत म्हणतात. जोरदार काडतुसासाठी तो आक्षेप खरा आहे. ३१५ चा दाब मुळातच कमी असल्यामुळे इथे तो लागू होत नाही. उलट बोल्ट उचलण्याचा फेर माउझरपेक्षा बराच कमी आहे, आणि काडतुसावर ठोका देणारा आघाती काटा बोल्ट उघडताना नव्हे तर बंद करताना ताणला जातो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, उन्हात तापलेल्या काडतुसाचे पितळ फुगून नळीच्या घरात घट्ट बसले असता, हाताला एकाच वेळी टरफल सोडवायचे आणि कमानही ताणायची अशी दोन कामे करावी लागत नाहीत, याची किंमत ज्याने केले आहे त्यालाच कळते.

दोष सांगायचा तर तो काडतुसाच्या कडेचा. ३१५ च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे आलीच पाहिजे. मागे राहिली तर दोन्ही एकमेकींत अडकतात आणि बोल्ट कितीही ढकलला तरी काडतूस वर येत नाही. भरताना प्रत्येक काडतूस अंगठ्याने मागे न रेटता सरळ खाली दाबावे, एवढी सवय पुरते.

आता मुख्य गोष्ट. ३१५ ची काडतुसे देशात बनतात आणि परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत विक्रेत्याकडे मिळतात. ७ मिलिमीटर माउझरची काडतुसे आपल्या आयुध निर्माणी बनवीत नाहीत. कुठे तरी जुनी आयात केलेली पेटी मिळाली तर मिळाली, आणि तिचा भाव ऐकून माणूस सरावाचा विचार सोडून देतो. ज्या रायफलीतून वर्षाकाठी एखादाच बार निघतो तिच्यावरचा भरवसा हा ऐकीव भरवसा असतो. तुमचे वडील हसतात ते बहुधा याच कारणासाठी.

मुरारवासी

आर्मरर साहेबांशी सहमत होऊनही एक गोष्ट जोडतो, कारण वरची सगळी चर्चा जातीविषयी झाली, तुमच्या हातातल्या दोन नगांविषयी नाही. उत्तम जातीची रायफल हयगयीने खराब झालेली मी पाहिली आहे आणि सामान्य रायफल पन्नास वर्षांनी नीट चालताना पाहिली आहे.

प्रथम नळीचे पुढचे टोक भिंगाखाली पाहा. ज्या रायफली पिढ्यान्‌पिढ्या दोरी आणि चिंधीने साफ होत आल्या, त्यांच्या टोकाशी दोरी एकाच बाजूला घासून खोबण पडते, आणि तिथले आटे (गोळीला फिरकी देणारे नळीतले पिळदार चर) झिजले की गोळी बाहेर पडताना कलते. मग दस्त्याचे स्क्रू सोडून, शक्यतो जाणकाराच्या देखत, नळीचा लाकडाआड लपलेला भाग पाहा. वर आरशासारखी चकचकीत असलेली नळी खालून गंजलेली असणे हे आपल्याकडच्या पावसाळ्यात नवल नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे, त्याचा क्षार नळीत राहतो आणि हवेतला ओलावा ओढून घेतो. तेल त्याला धुऊन काढीत नाही. त्यासाठी आधी उकळते पाणी आणि मगच तेल, ही जुनी रीत बरोबर होती. ज्या घरात ती पाळली गेली नाही तिथल्या नळ्यांत बारीक खड्डे दिसतात.

त्यानंतर रेंज. बहुतेक लोक ओळीने पाच बार काढतात आणि भोके किती जवळ पडली ते मोजतात. स्पर्धेसाठी ते ठीक आहे. शिकारी रायफलीचे काम मात्र थंड नळीतून निघालेल्या पहिल्या गोळीचे असते, कारण जनावर पुढच्या चार गोळ्यांसाठी उभे राहत नाही. म्हणून नळीतले तेल कोरड्या फडक्याने पुसून, एका दिवशी एकच पहिली गोळी मारावी, तो कागद तारीख घालून जपून ठेवावा, आणि त्या ऋतूत पुढच्या खेपेला पुन्हा त्याच कागदावर मारावी. उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यातले कागद शेजारी ठेवले की लाकूड फुगून नळीला कुठे रेटते ते लगेच दिसते. जिच्या पहिल्या गोळ्या सर्व ऋतूंत एका जागी येतात ती ठेवावी, मग ती कोणत्याही जातीची असो.

परवान्याची बाजू, जिवाजीगंज

चर्चेच्या ओघात एक सोपा मार्ग राहून गेला. मर्यादा व्यक्तीमागे दोन शस्त्रांची आहे, कुटुंबामागे नाही. आपल्याला बहीण किंवा भाऊ असल्यास वडील दुसरी रायफल त्यांच्या नावे करण्यासाठी अर्ज करू शकतात. अर्जदाराचे वय एकवीस पूर्ण हवे, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते, आणि सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. दोन्ही बोर प्रतिबंधित गटातल्या नसल्यामुळे हा विषय जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडेच सुटतो. परवाना हाती येईपर्यंत रायफल वडिलांच्याच ताब्यात राहू द्यावी. निवडणुकीच्या काळात शस्त्रे ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात, तेव्हा पावतीवर क्रमांक नीट उतरला आहे की नाही ते स्वतः वाचून घ्यावे, कारण जुन्या विलायती रायफलींवर एकाहून अधिक क्रमांक कोरलेले असतात.

लष्करकर, ग्वाल्हेर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आर्मरर साहेबांचे उत्तर वडिलांना वाचून दाखवले. काडतुसांचा मुद्दा आला तेव्हा त्यांनी मान डोलावली, आणि कडेचा मुद्दा आला तेव्हा स्वतः उठून मॅगझिन कसे भरायचे ते रिकाम्या टरफलांनी दाखवले. माझ्या नावे ३१५ घेण्याचे ठरवत आहे, मात्र मुरारवासींनी सांगितल्याप्रमाणे नळी तपासून झाल्यावर. धाकटी बहीण इथेच असते आणि माउझरसाठी अर्ज करण्यास ती तयार आहे.

एक प्रश्न उरतो. आजोबांच्या वेळची ७ मिलिमीटरची एक पेटी घरात आहे. वडिलांच्या परवान्यावर ती चढवलेली आहे. काडतुसे वरून चांगली दिसतात. रेंजवर तीच वापरावीत का?

निवृत्त आर्मरर

वापरू नयेत. जुन्या पितळाची मान ठिसूळ झालेली असते आणि चिरा कित्येकदा बार झाल्यावरच दिसतात. टोपी क्षीण झालेली असेल तर चाप ओढल्यानंतर क्षणभराने बार होण्याचा धोका असतो, आणि तेवढ्यात माणूस बोल्ट उघडून बसतो. ही पेटी परवान्यावरून रीतसर कमी करून परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करावी आणि पावती घ्यावी. नखी तपासण्यासाठी डमी काडतुसे वापरावीत.

छावणीवाला, शिंदे की छावणी

पेटीबाबत आर्मरर साहेब म्हणतात तेच करा. माउझर बहिणीकडे जात आहे हे ऐकून बरे वाटले. त्यांना सेफ्टीच्या पानाची मधली जागा आधी शिकवावी, बाकीचे नंतर. माझा स्वतःचा कल अजूनही माउझरकडेच आहे.