डायलिसिस, दहावी आणि रात्रीचे कॉल: कॅलेंडरमध्ये आपली माणसं बसवायची कशी?

पिवळा_चाफा
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण कुणीतरी यातून गेलेलं असेल म्हणून विचारते. दिवाळीनंतर बाबांचं डायलिसिस सुरू झालं, मंगळवार गुरुवार शनिवार, सकाळी सातची शिफ्ट. लेक दहावीला, बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय. मी पुण्यात आयटीत, क्लायंट न्यूयॉर्कचा, त्यामुळे रोज रात्री साडेआठला कॉल. नवरा चाकणला शिफ्टमध्ये. आई आता थकलीय. भाऊ नाशिकला आहे, यायला अगदी तयार असतो पण "कधी येऊ ते सांग" म्हणतो आणि मला ते नेमकं सांगताच येत नाही.

मला कुणी झोपेतून उठवून विचारलं ना, की तुला सगळ्यात जवळचं काय, तर मी बाबा आणि लेक एवढंच म्हणेन. पण ऑफिसचं कॅलेंडर उघडलं की त्यात यातलं काही नाही. सगळे चौकोन दुसऱ्यांनी भरलेले, आणि बाबांना नेणं-आणणं, लेकीजवळ बसणं हे त्या चौकोनांच्या मधल्या फटीत कसंतरी उरकायचं. डायलिसिस चालू असताना मी बाहेर बाकावर बसून कानात मीटिंग ऐकते, ना धड इकडे ना धड तिकडे. नवीन ॲप वगैरे नकोय मला. जे खरंच महत्त्वाचं आहे ते आधी कसं लिहायचं आणि लिहिलेलं टिकवायचं कसं, एवढं सांगा.

ठाणे_स्लो_लोकल
ताई, माझ्या सासूबाईंचं डायलिसिस आम्ही बरीच वर्षं केलं त्यामुळे तुमची धावपळ डोळ्यासमोर आली. पहिली गोष्ट, ते तीन दिवस ऑफिसच्याच कॅलेंडरमध्ये टाका, दर आठवड्याला रिपीट होणारे, 'बिझी' मार्क करून आणि प्रायव्हेट ठेवून, म्हणजे टीमला फक्त तुम्ही बिझी आहात एवढंच दिसतं, कारण दिसत नाही. पण सात ते अकरा असं टाकू नका!! मशीनवरचे साधारण चार तास झाले की काम संपत नाही, सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत दाबून धरायचं, बीपी बघायचं, कधी बीपी उतरलेलं असतं तर थांबावं लागतं, मग घरी येणं, आणि घरी आल्यावर माणूस इतका गळून गेलेला असतो की दोन घास भरवून झोपवेपर्यंत दुपारचा एक वाजतो. तो सगळा वेळ डायलिसिसचाच आहे, तो तसाच लिहा. आपण कागदावर चार तास लिहितो आणि वरचे दोन-तीन तास स्वतःच्या झोपेतून काढतो.

दुसरं, तुमचे वार बघता शनिवार ते मंगळवार ही मोठी गॅप आहे. त्या गॅपच्या शेवटी अंगात पाणी साठतं, सूज येते, दम लागू शकतो. म्हणून सोमवारची रात्र तरी हलकी ठेवा. आमच्याकडे सोमवारी कुणीही काही ठरवायचं नाही असंच होतं. रविवारी पाहुणे आले की शहाळं, फळांचा रस हे प्रेमाने पुढे करतात, पोटॅशियममुळे ते डायलिसिसच्या पेशंटला चालत नाही, तेव्हा रविवारी घरात कुणीतरी जाणतं माणूस हवं. मला विचाराल तर भावाची खरी गरज रविवारीच आहे.

मार्चएंड_बँकवाला
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. बँकेत आमचा मार्च म्हणजे कॅलेंडर आपल्या हातात नसतंच, 31 तारखेपर्यंत कुणी रजा मागायची पण नाही. अशा वेळी 'कुटुंबाला वेळ' असं मोठं काहीतरी लिहून ठेवलं की ते सगळ्यात आधी उडतं, कारण ते आज नाही झालं तर उद्या करू असं वाटतं. त्याऐवजी ज्याला तारीख-वेळ आहे असं बारीक लिहा. बीजगणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री लेकीसोबत जेवायला बसणं, हे लिहा. भूमितीच्या पेपरला तिला सेंटरवर सोडणं, हे लिहा. बोर्डाचं वेळापत्रक हातात आहे ना, मग आजच सगळे पेपर कॅलेंडरमध्ये टाका आणि त्यातले कुठले दोन-तीन तिला जड जातायत ते तिलाच विचारा, आपण परस्पर ठरवतो आणि तिला भीती भलत्याच विषयाची असते.

आणि एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. दहावी मार्चमध्ये संपणार आहे. तोवर ओढाताण झाली, घर पसरलेलं राहिलं, लग्नाबिग्नाला गेलात नाही, चालतं. डायलिसिस मार्चमध्ये संपणार नाहीये. त्याला 'सध्याची अडचण' समजून रेटत राहिलात तर तुम्ही आजारी पडाल. ज्याला शेवट आहे त्यासाठी ताण सोसायचा, आणि ज्याला शेवट नाही त्याच्यासाठी रोजचं जगणंच बदलायचं, माणसं वाटून घ्यायची, पैसे लागले तर द्यायचे. तिन्ही दिवस तुम्हीच जायला हवं असं कुणी ठरवलंय?

एडिसनची_वैनी
मी न्यू जर्सीत, म्हणजे तुमच्या त्या कॉलच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्यांपैकी :) एक लक्षात ठेवा, मार्चच्या दुसऱ्या रविवारी इकडची घड्याळं तासभर पुढे जातात. इथल्या सकाळी दहाचा कॉल तुमच्याकडे साडेआठऐवजी साडेसातला येईल आणि तो नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तसाच राहील. म्हणजे ऐन परीक्षेत तुमची संध्याकाळ मोडणार. आत्ताच बोला, तेव्हा नाही.

इकडच्या लोकांना खरंच कल्पना नसते की तिकडे जेवायची वेळ आहे, कुणी सांगतच नाही ना. आपली मुलं "नो प्रॉब्लेम" म्हणत राहतात. तुम्ही सरळ सांगा की घरात आजारपण आहे, सोमवारी आणि गुरुवारी मी कॉलला नसेन, दुपारीच लेखी अपडेट पाठवेन, काही पेटलं तर अमुक माणसाला फोन करा. ठराविक वार सांगितले की लोक पटकन ऐकतात, रोज रोज आयत्या वेळी "आज जमणार नाही" म्हटलं की चिडतात. मी इथून टीम चालवते म्हणून खात्रीने सांगते.

साताऱ्याचे_आजोबा
बाळ, तुझं ऑफिसचं कॅलेंडर तुझ्या आईला दिसत नाही, भावाला दिसत नाही, लेकीलाही दिसत नाही. म्हणून तो विचारतो कधी येऊ. स्वयंपाकघरात कालनिर्णय असेलच, दुधाचा खाडा लिहिता तसं त्यातच लिहायला लागा. बाबांचे वार, कोण नेणार त्याचं नाव, लेकीचे पेपर, जावईबापूंची शिफ्ट. महिन्याच्या सुरुवातीला फोटो काढून भावाला पाठव आणि सांग की जिथे नाव नाही तिथे तू तुझं लिही. विचारत बसू नकोस. मागितल्याशिवाय मदत मिळावी असं सगळ्यांना वाटतं, पण रिकामी जागा दिसली की माणूस आपोआप उभा राहतो, आमच्या घरी हिच्या आजारपणात पोरांनी असंच वाटून घेतलं.

आणि एक चौकोन तुझ्या नावाचा ठेव. झोपेचा असला तरी चालेल.

पिवळा_चाफा
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना डोळे भरून आले. बँकवाले दादा, ते शेवट असलेलं आणि नसलेलं हे इतकं स्पष्ट मला कुणीच सांगितलं नव्हतं, दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून मी फिरत होते. लेकीला विचारलं, तिला गणिताची नाही तर इतिहासाची भीती वाटतेय. वैनी, मॅनेजरला लिहितेय. भाऊ शुक्रवारी रात्री येऊन शनिवारचं डायलिसिस आणि रविवार बघेल असं ठरतंय. पण तो कधी आत गेलेला नाही, त्याला नेमकं काय सांगू?

ठाणे_स्लो_लोकल
मस्त झालं हे! भावाला एक छोटी वही द्या. आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी, किती पाणी काढलं, हे टेक्निशियनला विचारून लिहायचं, आणि ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी निघाल्यावर असायला हवं ते वजन, किती ठरवलंय ते वहीच्या पहिल्या पानावर. फिश्चुलाच्या हातावर, म्हणजे ऑपरेशन करून जिथे डायलिसिसच्या सुयांसाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात त्या हातावर, बीपी मोजायचं नाही, त्या हाताने जड उचलायचं नाही, घट्ट बाहीचा शर्ट नको. सकाळच्या बीपीच्या गोळ्या डायलिसिसच्या दिवशी आधी द्यायच्या की नंतर हे डॉक्टरांना विचारून तेही लिहा, कारण हा घोळ हमखास होतो. पहिल्या शनिवारी जमलं तर तुम्ही दोघं जा, पुढच्यापासून त्याला एकट्याला जाऊ द्या, आणि तेव्हा त्याला सारखा फोन करू नका.