गेटवरच्या रॅकवरून

सेक्रेटरी, ए-२०१: नमस्कार. रात्री ८ ते १० मध्ये जेवणाची पार्सलं घेऊन येणाऱ्या मुलांची गेटवर गर्दी होते. मंगळवारचं रजिस्टर पाहिलं. ९६ फ्लॅट, ४१ पार्सलं. वॉचमनची एंट्री करता करता पुरेवाट होते. पार्सलं ठेवायला गेटजवळ रॅक बसवू या का? मतं कळवा.

सी-५०३: रॅकला होकार.

बी-७०४: रॅक बसवा, त्या पोरांचं ताटकळणं तरी वाचेल. पण ४१ हा आकडा मनातून जात नाही हो. मंगळवार म्हणजे ना सण, ना सुट्टी. आपण कोपरखैरण्याला राहायला आलो तेव्हा जिना चढताना कळायचं, दुसऱ्यावर लसणाची फोडणी पडलीय, चौथ्यावर सुकट भाजतायत. आता आठवडाभर कुठून वास येत नाही.
माझी आई लालबागला खाणावळ चालवायची. एका खोलीत गिरणीतले बारा गडी पाळीपाळीने जेवायचे. आम्ही भावंडं जे खायचो तेच त्यांच्या ताटात. किराणा सावकाराच्या पैशावर. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अशा खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेच्या कर्जाची वाट दाखवली, तेव्हा कुठे त्यांच्या कष्टाला किंमत आली. १९८२ च्या संपात गड्यांकडे द्यायला पैसे नव्हते. भाकऱ्या लहान झाल्या, कालवण पातळ झालं, पण आईने एकाचंही ताट बंद केलं नाही. म्हणून जीव तुटतो.

डी-६०१: काकू, मान राखून लिहिते. त्या ४१ मधलं एक पार्सल माझं होतं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने घरी पोचेपर्यंत ८.२० होतात. पोरगी भुकेलेली, सिंकमध्ये सकाळची भांडी. घरचं जेवण हवं असं सगळे म्हणतात, करायचं कुणी ते कुणी बोलत नाही. २०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत, म्हणजे लोकांचा वेळ कशात जातो त्याच्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. आमच्याकडे फरक याहून मोठा आहे.

बी-७०४: खरं आहे बाळा. माझ्या आईला मी कधी सगळ्यांबरोबर जेवायला बसलेलं पाहिलं नाही. तसे दिवस तुझ्यावर यावेत असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. एकटीच्या पाठीवर टाकलं म्हणूनच घरचं जेवण मोडलं. घरात चार माणसं असतील तर चारही जणांना कुकर लावता आला पाहिजे.

ए-९०२: ही गेल्यावर सहा महिने मी पार्सलवर काढले. बीपी वाढलं. डॉक्टरांनी विचारलं, मीठ किती खाता? मला सांगताच येईना. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा हवं, हे तेव्हा कळलं. मग हिची वही काढली. शेवग्याच्या आमटीखाली लिहिलंय, ‘चिंच, गूळ, मीठ अंदाजाने’. त्या पानावर हळदीचा अंगठा उमटलाय. तो अंदाज यायला मला चार महिने लागले. वयाच्या ६८ व्या वर्षी. आता आमटी जमते. ताट वाढून घेतो तेव्हा ती घरात असल्यासारखं वाटतं.

बी-७०४: भाऊजी, वाचून डोळे भरून आले.

सी-५०३: आमच्या मजल्यावरच्या ताई पोळीभाजीचे डबे देतात. ते घरचं धरायचं का?

बी-७०४: धरायचं म्हणजे काय, घरचंच ते! फक्त पैसे वेळेवर द्या, पोळीमागे रुपया-दोन रुपये घासाघीस करू नका.

डी-६०१ (मिस्टर): काकू, माझी आठवड्यात तीन दिवस सकाळची शिफ्ट असते, पाचला घरी येतो. त्या दिवशी खिचडी मी टाकीन. प्रमाण सांगा.

बी-७०४: दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, सात वाट्या गरम पाणी. तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद. धुतलेले डाळ-तांदूळ त्यात दोन मिनिटं परतायचे, मग पाणी, मीठ आणि तीन शिट्ट्या. अर्ध्या तासात ताटात. पार्सलला याहून जास्त वेळ लागतो.

डी-६०१ (मिस्टर): घरात सालाची डाळ आहे. चालेल?

बी-७०४: चालेल, अर्धा तास आधी भिजव. आणि शिट्टी झाल्या झाल्या झाकण उघडू नकोस, वाफ आपोआप जिरू दे.